आभाराचा तास

माझ्या भाऊजींनी आयुष्यात कुणाला शिवी दिली नाही, दारूला हात लावला नाही, ताईवर कधी आवाज चढवला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक हमखास म्हणतात, पण माणूस चांगला आहे हो. असतील चांगले. मला ते समोर नको असतात, एवढंच.

त्यांची नोकरी फिरतीची. डोळ्यांच्या दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायची. कुठलं चष्म्याचा नंबर काढणारं, कुठलं डोळ्याच्या आत बघणारं, कुठलं डोळ्यातला दाब मोजणारं. महिन्यातले चारसहा दिवस घरी, बाकी लॉजच्या खोल्या, स्टँडवरचा चहा आणि खांद्याला हत्यारांची बॅग. अशा धावपळीत माणूस एकतर बाटलीला लागतो नाहीतर देवाला. भाऊजी आभाराला लागले. कुठल्याशा शिबिरात त्यांना शिकवलं की दिवसातला एक तास फक्त आभार मानायचे, तक्रारीचा एक शब्द काढायचा नाही, म्हणजे मन शांत राहतं. त्यांचं राहिलंही. पण आपलं मन शांत झालं म्हणून गप्प बसेल तो साधक कसला? त्यांनी फोनवर मंडळी जमवली. सगळे फिरतीवरचेच. औषधांचा एक विक्रेता, एक ट्रकवाला, विम्याची एक बाई, आणखी असेच. रोज संध्याकाळी सातला जो जिथे असेल तिथून फोनवर यायचा आणि पाळीपाळीने आभार मानायचा. एवढी पायपीट सांभाळून साधना करतो, म्हणून भाऊजींचं केवढं कौतुक व्हायचं. मी त्यांना आभारशास्त्री म्हणायचे. ते हसून म्हणायचे, मेहुणीबाई, तुमच्या थट्टेचेही आभार. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

ताईही त्या तासात असायची. खरं तर नवऱ्याचा आवाज तिच्या वाट्याला यायचा तो तिथेच. दिवसा ते यंत्र उघडून बसलेले असत, फोन घेत नसत. तास संपला की जेवण आणि झोप, कारण पहाटेची बस. सुरुवातीला एकदा ताईने तिथे सांगितलं की नळ फुटून घरभर पाणी झालं. भाऊजींनी तिला सगळ्यांच्या देखत थांबवलं, अगदी गोड आवाजात. "हे फिरवून सांग. यात आभार कशाचे?" ताईने जरा विचार करून सांगितलं की शेजारीण पुसायला धावून आली, तिचे आभार. मंडळींनी वाहवा केली. तेव्हापासून ताई फिरवून सांगण्यात इतकी तरबेज झाली की घराला आग लागली असती तर ऊब मिळाली म्हणाली असती.

एका संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली की काल बाजारातून येताना रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं रंगीत कडं दिसलं, इतकं सुंदर कधी पाहिलं नव्हतं, त्याबद्दल आभार. पलीकडून भाऊजींनी लगेच दाद दिली. दिवे सगळ्यांनाच दिसतात, म्हणाले, पण असं बघायला मन लागतं. विम्याची बाई म्हणाली की आज मीही बघणार. त्यानंतर मंडळीत नवा माणूस आला की त्याला ताईच्या इंद्रधनुष्याची गोष्ट सांगायचीच, असा रिवाज पडला.

त्या कड्यांबरोबर तिचं कपाळ ठणकायचं, डोळ्याच्या वर कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. ते ती तासात सांगत नव्हती, आणि मलाही आपणहून सांगत नव्हती. एकदा ओला रुमाल कपाळावर धरून बसलेली मीच पाहिली. म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल, आत्ता. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच वेडी.

"अगं, यांचा अख्खा जन्म डोळ्यांच्या दवाखान्यांत चाललाय. मी यांना कड्यांचं सांगितलंय. काही वावगं असतं तर हे बोलले नसते का?"

मलाही ते पटलं. ज्याच्या घरी सोनार, त्याने सोनं पारखायला बाहेर कशाला जायचं?

मग ती उजवीकडच्या दाराला आपटायला लागली. फार लागलं नाही, म्हणून आभार. रस्ता ओलांडताना उजवीकडून आलेली सायकल तिला दिसलीच नाही. सायकलवाल्याने वेळेवर ब्रेक लावला, म्हणून त्या अनोळखी माणसाचे आभार. भाऊजी लॉजच्या पलंगावरून छान छान म्हणत होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

असंच वर्ष गेलं. पुढे एकदा ते दोन दिवसांसाठी घरी आले, तेव्हा बॅगेत डोळ्यातला दाब मोजायचं हातात मावणारं यंत्र होतं. दुरुस्त झालेलं, परत पोचवायच्या आधी तपासायचं. मी तिथेच होते. त्यांनी ताईला खुर्चीवर बसवलं, यंत्र तिच्या डोळ्यासमोर धरलं, आकडा बघितला आणि चक् केलं. यंत्र जास्त दाखवतंय, म्हणाले. पुन्हा उघडलं, फुंकर मारली, कसलासा बारीक स्क्रू फिरवला, पुन्हा धरलं. आकडा तोच. मग त्यांनी ते स्वतःच्या डोळ्याला लावलं, माझ्या डोळ्याला लावलं. आमचे दोघांचे आकडे ठीक आले. पुन्हा ताईला. ताई हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलीसारखी बसली होती. तिने विचारलं, बिघडलंय का हो? ते म्हणाले, नाही. यंत्र नीट आहे. ते उभ्याउभ्या पांढरे पडले होते आणि मला त्यांची एका क्षणासाठी दया आली. तेवढी एकदाच आली.

आम्ही ताईला लगेच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर भिंतीवर एक चित्र होतं. काळ्या पार्श्वभूमीवर एक दिवा, त्याभोवती रंगीत कडं, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की असं दिसत असेल तर ताबडतोब तपासून घ्या. ते चित्र प्रत्येक दवाखान्यात असतं, हे मला नंतर कळलं. त्याच्याखालच्या बाकावर बसून भाऊजींनी किती डबे खाल्ले असतील कोण जाणे. त्या दिवशीही ते तिथेच बसले होते, मान खाली घालून.

बाईंनी तपासलं. काचबिंदू होता. दाबाने उजवा डोळा गेला होता, तो परत येणार नव्हता. डावा निम्मा उरला होता. दिव्याभोवती कडी कधीपासून दिसतात, असं त्यांनी विचारलं. भाऊजी म्हणाले, वर्ष होऊन गेलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. मी सगळ्यांना सांगायचो."

बाईंना कळेना. काय सांगायचात, असं त्यांनी पुन्हा विचारलं. भाऊजींनी सांगितलं की ही साध्या दिव्यांचेसुद्धा कसे आभार मानते, ते. मग बाईंनी ताईला विचारलं, दुखत नव्हतं का? ताईने आधी नवऱ्याच्या दिशेने मान वळवली.

"दुखत होतं," ती म्हणाली. "फार दुखत होतं. आता सांगितलं तर चालेल ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायचं ते तिने बोलून टाकलं होतं.

शस्त्रक्रिया झाली. त्या संध्याकाळी मंडळींनी फोनवर एक डोळा वाचला म्हणून आभार मानले. पुढच्या काही महिन्यांत तोही गेला, तेव्हा मंडळींना शब्द सुचेनात. ट्रकवाला आधी गळाला, मग बाकीचे. भाऊजी नोकरी सोडतो म्हणाले. ताईने त्यांना जायला सांगितलं. निदान दुसऱ्यांची यंत्रं तरी नीट राहू देत, म्हणाली.

ते अजून फिरतीवर असतात. संध्याकाळी सातला अजून फोन करतात, आता फक्त तिला. आणि ताई बोलते. कुठे आपटली, काय सांडलं, बोट कसं भाजलं, कंगवा कसा सापडला नाही, कोण दारात उभं राहून न बोलता निघून गेलं. तास पुरत नाही. त्यातलं थोडं ती रचून सांगते, हे मला ठाऊक आहे, कारण आता मी दिवसभर तिच्यासोबत असते. भाऊजी मधे बोलत नाहीत, फोनही ठेवत नाहीत. ऐकतात.

परवा मात्र त्यांना राहवलं नाही. आवाज पार बसलेला होता. म्हणाले, आज एखादी तरी बरी गोष्ट सांग. एकच.

ताईने खरोखर विचार केला. मी शेजारीच होते.

"दुपारी तुमचा चेहरा आठवून बघितला," ती म्हणाली. "आठवला नाही."

मग तिने फोन माझ्यापुढे धरला. तो चालूच होता. मी तो तसाच टेबलावर ठेवला आणि तिचा हात धरून तिला जेवायला घेऊन गेले.