ओलं संबळ

माझ्या लग्नाचा गोंधळ भर दुपारी झाला. एरवी तो रात्रीचा असतो. पण निजामाच्या अमलाचं ते शेवटचं वर्ष, वाद्यं वाजली की, त्यातून रात्रीची, हत्यारबंद टोळ्या येतात अशी आवई गावोगाव उठलेली. बोरीला माझ्या सासरी दारं लावून घेतली होती. अंगणात चौक भरलेला, त्यावर कडब्याच्या पाच ताटांचा मांडव, आणि समोर आम्ही नवरानवरी, उपरण्या-पदराची गाठ मारून बसलेलो. मला घडीभर स्वस्थ बसवत नव्हतं.

माहेर-सासर दोन्ही गोंधळ्यांचंच. आमच्यात गोंधळात देवी कुणाच्या तरी अंगात आली पाहिजे, मगच नवी सून चुलीला हात लावणार. नाही आली, तर खापर सुनेच्या पायगुणावर. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, संबळ कमरेला बांधून काठी मारली आणि मी चपापले. आवाज उठेचना. संबळ म्हणजे जोडीनं बांधलेली, कातड्यानं मढवलेली दोन भांडी. मोठं खर्जातलं, लहान चढ्या आवाजाचं. दोन्ही सारखीच बद्द वाजत होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मामांनी कातड्यावर ओला फडका फिरवला होता! भीती मलाही होती, पण रागच जास्त आला. देवीला बोलवायचं, आणि तेही चोरून?

सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. दरवेळी त्यांच्याच अंगात येई. एक पद झालं, दुसरं झालं, त्या आपल्या ढिम्म. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायका कुजबुजायला लागल्या.

मी उठले. गाठ मारलेली, त्यामुळे नवरोबाही ओढले गेले.

"कुठं चाललीस गं?" सासूबाई कडाडल्या.

"संबळ ओलं हाय, आत्याबाई. शेकायला पायजे."

"चुलीला हात लावू नको!"

"मी न्हाई लावत. ह्यांना लावू द्या."

मामांनी मुकाट्यानं संबळ सोडून लेकाच्या हातात दिलं. आमच्याकडे वाजवायचं पुरुषांनी, शेकायचं बायकांनी. माहेरी ते काम माझंच. नवऱ्याला कुठलं जमतंय! तो एकाच जागी धरून बसला. "फिरवा, फिरवा, करपायलाय!" मी गाठीच्या अंतरावरून ओरडत होते. आधी लहान भांडं. मधेमधे बोटानं टिचकी मारायची. तुणतुण्याच्या तारेशी सूर मिळाला की बाजूला घ्यायचं. मोठं जरा कमीच शेकायचं, नाहीतर त्याचा खर्ज जातो. मग दोऱ्या ओढून घ्यायच्या.

संबळ परत कमरेला बांधून मामांनी काठी उचलली आणि तशीच धरली. "आता वाजलं की येशीपातूर जाईल," ते म्हणाले. "वाजवू का?"

कुणीतरी दाराची कडी चाचपून आलं.

"वाजवा," सासूबाई म्हणाल्या. "यायचं त्ये येऊ द्या."

संबळ कडाडलं. माझे कान दाराकडे, डोळे सासूबाईंकडे. त्या उठल्या, घुमायला लागल्या, दाराकडे बघत बघतच माझ्यापाशी आल्या. कपाळभर कुंकू लावून त्यांनी मला मनगटाला धरून चुलीपुढे बसवलं. त्यांचा हात सारखा कापत होता. अंगात देवी आली होती की भीती, मी विचारलं नाही. मी तो हात घट्ट धरून ठेवला.