चटणी कोण लिहितं?

गेल्या वर्षी पाच महिने आमच्या घरात दोन जावा, एक स्वयंपाकघर आणि दोन पंथ होते. थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणते, त्या पॉइंटवाल्या. मी कॅलरीवाली. आमच्या दोघींचे नवरे कुठल्याच पंथात नव्हते, ते फक्त जेवायचे आणि भांडण ऐकायचे.

सुरुवात झाली ती अक्कांच्या गुडघ्यांपासून. त्यांची एकुलती एक लेक पुण्यात नोकरीला आहे. तिला चौथा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी ही आमच्याकडची रीत, त्यामुळे अक्कांनी आनंदाच्या भरात वरची खोली झाडूनसुद्धा घेतली होती. पण पोरीच्या डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली. आता लेक येणार नाही म्हटल्यावर आईनंच जायचं. पोरगी राहते चौथ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही, पायऱ्या बहात्तर. आणि अक्कांना आमच्या गच्चीच्या अठरा पायऱ्या एका दमात चढवत नव्हत्या. नवव्या पायरीवर बसायच्या आणि जिना मीच बांधल्यासारखं माझ्यावर ओरडायच्या.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो उजेडाला धरून बघितला. म्हणाले, "ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही. पण निदान आठ किलो उतरवा, सांगतो तेवढा व्यायाम रोज करा, मग चढाल चार मजले. एवढ्या वजनानं मात्र नाही." रिक्षात बसल्यावर अक्कांनी पदर तोंडाला लावला. "लेकीच्या बाळंतपणाला सासू वर आन् आई खाली वॉचमनपाशी खुर्ची टाकून. असंच व्हायचं की गं माझं!" आणि त्या रडायलाच लागल्या. बावीस वर्षांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. "अक्का, मीपण करते तुमच्याबरोबर," असं मी बोलून गेले. खरं सांगायचं तर त्यात माझाही स्वार्थ होता. माझी सगळी ब्लाऊजं उसवून उसवून आता उसवायला शिवण उरली नव्हती.

लेकीनं आईला फोनवरूनच एका पॉइंटच्या कार्यक्रमात घातलं. फोनमध्ये एक मॅडम, त्यांच्या हाताखाली पन्नासेक बायकांचा ग्रुप. दिवसाला तेवीस पॉइंट मिळणार. प्रत्येक पदार्थाला ठरलेले पॉइंट, ते खाल्ले की कापायचे. तळलेल्याला जास्त, गोडाला त्याहून जास्त. आणि भाज्या, फळं, बिनतेलाची कडधान्यं यांना शून्य. हे शून्य ऐकून अक्कांचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

मी हायस्कूलला गणित शिकवते. मला हे पटेना. "ज्या वस्तूला वजन आहे, तिची किंमत शून्य कशी असेल?" मी म्हटलं. मी आपली सरळ कॅलरी धरली. दिवसाला चौदाशे. जे खाईन ते तोलायचं, वहीत लिहायचं, बेरीज करायची. आमच्या सोलापूरच्या नवी पेठेत जाऊन छोटा काटा आणला. दुकानदारानं विचारलं, "काय तोलणार, मसाला?" म्हटलं, "भाकरी." त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गपचूप बिल केलं.

आमची कडक भाकरी पापडाएवढी पातळ आणि ताटाएवढी मोठी. काट्यावर बसेना. मोडून ठेवली तर तुकडे उडाले. तुकडे गोळा करून ठेवेपर्यंत आमच्या नवऱ्यानं तोललेला तुकडा उचलून तोंडात टाकला. मी चिडून म्हटलं, "ते चौदा ग्रॅम होतं!" तो म्हणाला, "छान होतं."

तिकडे अक्कांचं निराळंच. एकदा दुपारी शाळेतून आले तर त्यांच्यापुढं केळ्यांच्या सालींचा ढीग. "अक्का, सहा?" मी ओरडलेच. त्या शांतपणे तोंड पुसून म्हणाल्या, "सहा गुणिले शून्य किती? तू गणिताची बाई हैस की." इतकी वर्षं पोरांना शून्याचा पाढा शिकवला, त्याचं फळ असं मिळालं.

पण माझीही अब्रू फार दिवस टिकली नाही. संध्याकाळी माझ्या वहीत तीनशे शिल्लक असायच्या. शिल्लक आहे म्हटल्यावर हात शिवशिवतात. मी दोन जिलब्या आणून खाल्ल्या आणि ऐटीत लिहिल्या. "हिशोबात बसतंय," मी म्हटलं. अक्कांनी नाक मुरडलं. "तुझ्या मापात जिलबी आन् मटकीची उसळ सारखीच व्हय? मग माप कशाला पायजे?" बोलणं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. जिलबीनं तासाभरात पोट पुन्हा रिकामं व्हायचं आणि मी पाणी पीत बसायची, पण हे मी अक्कांना मरेपर्यंत सांगितलं नसतं. आता सांगते. त्यांच्या पॉइंटांनी हात आपोआप भाजीकडे जायचा, ते का आणि कसं हे मात्र त्यांना कोणी सांगत नव्हतं. माझ्या कॅलरी सगळं खरं सांगायच्या, पण काय खा म्हणून एका शब्दानं बोलायच्या नाहीत.

फोडणीला तेल घालताना आमचं रोज वाजायचं. मी बुधला काट्यावर ठेवून ओतायची, त्या चमच्यानं मोजायच्या आणि चमचा खाली ठेवताना आवाज करायच्या. सणाला गव्हाची हुग्गी केली, गूळ आणि तुपाची खीर, तर अक्का म्हणाल्या वाटीला नऊ, मी म्हटलं तीनशे चाळीस. थोरले भावोजी ताटावर बसून वैतागले. "नऊ म्हणा न्हायतर तीनशे म्हणा. वाढणार हाय का न्हाय, तेवढं सांगा."

आणि एवढं सगळं करून काय झालं? रविवारी सकाळी आम्ही वजनकाट्यावर उभ्या राहायचो. सहा आठवडे झाले तेव्हा अक्कांचं वजन सहाशे ग्रॅम उतरलं होतं आणि माझं दोनशे ग्रॅम चढलं होतं. अक्कांना वाटलं काटाच बिघडलाय. पाच किलो ज्वारीची पिशवी ठेवून बघितली. काटा पाचच दाखवत होता. मग त्या जिन्याकडे गेल्या. अकराव्या पायरीवर बसल्या. या वेळी माझ्यावर ओरडल्या नाहीत. ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

त्याच दिवशी दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. अक्कांनी फोन समोर टेकवून ठेवला आणि रडगाणं सुरू केलं. पोरगी ऐकत होती. मधेच म्हणाली, "आई, फोन कशाला टेकवलायस?"

"चटणीच्या बरणीला."

"रोज असते ती ताटाजवळ?"

"मग? चटणीबिगर जेवण व्हय?"

"लिहितेस का?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मी अक्कांकडे. आणि सहा आठवड्यांत प्रथमच आम्ही दोघी एका सुरात बोललो. "चटणी कोण लिहितं?"

बाहेरगावच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्या सोलापुरात शेंगाचटणी हा पदार्थ नाहीच. मीठ वाढल्यासारखी ती वाढायची. भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ, आणि तेल सुटेपर्यंत उखळात कुटायचं. ताटात आली की वर आणखी तेल. भाकरी संपली म्हणून चटणी घ्यायची, चटणी उरली म्हणून भाकरी घ्यायची. ती तोंडी लावायला असते. तोंडी लावायचं ते खाणं कुठं असतं? भाकरीचे तुकडे ग्रॅममध्ये तोलणाऱ्या मी, गणिताच्या बाईनं, ती बरणी एकदाही काट्यावर ठेवली नव्हती.

ठेवली. म्हटलं, "अक्का, रोज घेता तेवढी घ्या." त्यांनी घेतली. बरणी परत काट्यावर. मग मी घेतली. मग आकडे मांडले. माझ्या एका जेवणातली चटणी भाकरीला भारी पडली. अक्कांच्या तेवीस पॉइंटांतला मोठा घास भाकरीचा तुकडा मोडायच्या आधीच संपत होता. शिवाय अक्का कुटताना चव बघायच्या. एकदा मिठासाठी, एकदा तिखटासाठी, एकदा लसणासाठी आणि मग छान झालीय म्हणून. पॉइंट आणि कॅलरी यांचं त्या दिवशी पहिल्यांदा एकमत झालं. "अय्यो," अक्का एवढंच म्हणाल्या.

मग त्या उठल्या, बरणी उचलली आणि शेजारच्या बाईंना देऊन आल्या. "साकु," म्हणाल्या. अक्का कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या. कानडीत याचा अर्थ पुरे, आणि त्यांनी साकु म्हटलं की घरात कोणी वाद घालत नाही. "लेकीच्या घरात वर चढून पोचेपर्यंत चटणी तोंडात घालायची न्हाय."

मी घातला वाद. म्हटलं, "अहो, एक चमचा मोजून घेतली तर चालते. तुमच्या पॉइंटातही चालते, माझ्या कॅलरीतही चालते. सोडायची गरज नाही."

"तुला जमतंय एक चमचा. मला न्हाय जमत. माझी खोड मला म्हाईत हाय."

तेव्हापासून आमच्या घरातलं उखळ गप्प झालं. भावोजी आपल्या दुकानात डबा लपवून चटणी खायला लागले, ते मला वासावरून कळायचं. मी एक चमचा मोजून शेजारणीकडे खाऊन यायची, तेही लिहायची. अक्कांनी मात्र बोट लावलं नाही. केळीही दोनवर आणली, कोणी न सांगता. सकाळी पायाला वाळूची पिशवी बांधून व्यायाम, मग जिना. अठरा पायऱ्या एकदा झाल्या. मग खाली येऊन पुन्हा. अठरा चोक बहात्तर हे गणित मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, त्यांनीच काढलं होतं. चौथ्यांदा वर पोचल्या त्या दिवशी गच्चीवरून मला हाक मारली आणि मी वर गेले तर नुसत्या हसत होत्या.

निघायच्या आधी अक्का साडेसात किलोंनी उतरल्या होत्या आणि मी तीन. पॉइंट चांगले की कॅलरी, म्हणून शाळेतल्या बायका मला अजून विचारतात. मी त्यांना सांगते की मी हरले, आणि त्यात कॅलरींचा काही दोष नाही. मला ब्लाऊज घालायचं होतं. अक्कांना वर जायचं होतं.

पोरीला दवाखान्यात दाखल व्हायचं त्याच्या दोन दिवस आधी आम्ही पुण्याला निघालो. आदल्या दिवशी तिचा फोन. "आई, दुसरं काही आणू नकोस. तोंडाला चव नाही. तुझी चटणी आण." निघायच्या सकाळी अक्कांनी उखळ धुऊन घेतलं आणि दाणे कुटले. किती दिवसांनी तो आवाज! मी आत पिशव्या भरत होते, लसणाच्या वासानं जीव कासावीस झाला. गरम असतानाच त्यांनी डबा भरला, झाकण लावलं आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला.

पुण्यात इमारतीखाली वॉचमननं त्यांना बघून लगेच खुर्ची पुढं केली. "बसा आजी." अक्का म्हणाल्या, "बसायला न्हाय आले." आणि कठडा धरला. पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर थांबल्या, श्वास जोरात चालला होता. मी पिशवीला हात घातला तर देईनात. मी धीर द्यायला म्हणून पायऱ्या मोजायला लागले तर खेकसल्या, "मोजू नको गं! पाच म्हैने मोजतेय मी." मग मीही गप्प चढले.

दार उघडंच होतं. पोरगी पोटावर हात ठेवून उंबऱ्यात उभी. अक्कांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात तिच्या पोटावर ठेवले.

थोड्या वेळानं जेवायला बसलो. पोरीनं आधी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवून तोंडात घातला. दोनदा चावली आणि थांबली.

"आई, मीठच नाही गं यात."

"काय म्हणतीस?" अक्कांच्या हाताला मीठ चुकलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

"खरंच नाही. चाखली नाहीस का?"

"चाखली न्हाय."

"का?"

"वर पोचले नव्हते की अजून," अक्का म्हणाल्या.

पोरीनं मिठाचा डबा ओढला, चटणीवर मीठ भुरभुरलं, बोटांनी कालवलं आणि एक चिमूट आईच्या तोंडाशी धरली. अक्कांनी डोळे मिटून खाल्ली, सावकाश. मग डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

"लिही गं. एक चिमूट."

वही माझ्या पिशवीतच होती. पण मला समोरचं ताटसुद्धा धड दिसत नव्हतं, लिहिणार कुठली.