शिळी मॅच

समुद्रकाठच्या आमच्या नवापूरच्या गल्लीत चेंडू पडायच्या आधीच त्याचा निकाल लागायचा. निकाल देणारे अंपायरमामा. टीव्हीवर गोलंदाज धावायला लागला की मामा खाटेवरून बोट उचलत आणि जाहीर करत, "हा आउट!" नाहीतर "ह्याला चार!" गुडघ्यांमुळे होडी सुटल्यापासून त्यांचा हाच उद्योग.

निम्मे निकाल साफ चुकायचे. मग मामा गोलंदाजावरच डाफरायचे, "ऐन वेळी हात फिरवला मेल्याने!" आणि बरोबर आला, तर चेंडू आपणच टाकल्यासारखे आमच्याकडे बघायचे. घरोघरी टीव्ही होते, तरी आम्ही त्यांच्याच ओट्यावर दाटीने बसायचो. मॅच कोणाला बघायची होती? मामांना बघायचं होतं!

मग खाऱ्या हवेने मामांच्या छपरावरची डिश गंजून पडली. बोईसरला कंपनीत असलेल्या जितूने, म्हणजे त्यांच्या मुलाने, ती भंगारात दिली आणि इंटरनेटचा टीव्ही आणला. चित्र असं लख्ख की गोलंदाजाच्या मिशा मोजाव्यात. पहिल्याच मॅचला मामांनी बोट उचललं, तोंड उघडलं, आणि भिंतीपलीकडून हेमावहिनी किंचाळल्या, "सिक्स!" आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअपला वळतच होता.

"हेमा भविष्य सांगायला लागली काय रे?" मामा म्हणाले.

"बाबा, त्यांची डिश हाय," जितू म्हणाला. "नेटवरचं चित्र थोडं मागून येतं."

"म्हंजे आमी बघतो ती शिळी मॅच? या घरात शिळा म्हावरा कधी शिजला नाय, जितू!"

जितूने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात बॉक्स बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. केला. मॅच आणखी शिळी झाली. मामांनी खिडक्या लावल्या, भिंतीला गोधडी टांगली. पण नवापूरच्या बाईचा आवाज गोधडीला ऐकतो होय? हळूहळू मामा बोट उचलेनासे झाले. ओटाही रिकामा होऊ लागला.

शेवटी फायनलच्या दिवशी मी गल्लीत सभा घेतली. आज काहीही होवो, कोणी ओरडायचं नाही. हेमावहिनी म्हणाल्या, "पदराचा बोळा कोंबते तोंडात. मग झालं?"

आणि खरोखर, अख्खी गल्ली मुकी झाली! मामा खुलले. बोट वर, बोट खाली, दोन बरोबर, पाच चूक, गोलंदाजाच्या सात पिढ्यांचा उद्धार. ओटा पुन्हा भरला. शेवटचा चेंडू उरला, आपल्याला चार हव्या होत्या. मामा गुडघे विसरून उभे राहिले. "ह्याला..."

पलीकडे टीव्ही खट्कन बंद झाला. मग मोरीत भांडी आपटायला लागली.

बिचाऱ्या वहिनींनी शब्द पाळला होता. तोंडातून हूं की चूं नाही. मामांचं बोट तसंच वर राहिलं. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. जितू रिमोट शोधू लागला, तर मामांनी त्याला हातानेच थांबवलं आणि ते सावकाश खाटेवर बसले.

पडद्यावर आपला फलंदाज हातमोजे घट्ट करत होता. मैदानाकडे बघून हसला देखील.

"बघ कसा हसतोय," मामा म्हणाले. "त्याला अजून माहीत नाय."