मगनचा बदली माणूस

मगन गेल्याचा फोन त्याच्या मुलानं केला. “काका, बाबा सकाळी गेले,” एवढंच तो म्हणाला. मी “बरं” म्हणालो आणि फोन ठेवला. बरं! ज्याच्या टेबलाला टेबल लावून उमेदीची वर्षं काढली, त्याच्या मरणावर मला दुसरा शब्द सुचला नाही. सुनेनं विचारलं, कोण हो बाबा? मी म्हणालो, तारघरातला एक जण. त्यालाही आता दीड महिना झाला आणि तो ‘एक जण’ काही केल्या डोक्यातून हलत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

तापीच्या पट्ट्यातलं आमचं शहाद्याचं तारघर. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, सगळा कारभार धुळ्याचा. मगन पाटील शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्याचा, गुजर घरातला. घरी केळी, कापूस, दोन मोठे भाऊ. पण याचा जीव यंत्रात. मी मोर्सवाला, म्हणजे कट्ट-कड ऐकून तारा लिहिणारा. साठ साल उलटल्यावर आमच्याकडं टेलिप्रिंटर आला आणि मगन त्याचा मेकॅनिक म्हणून रुजू झाला. मागच्या बाजूची बिनखिडकीची खोली यंत्राला दिली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना आतून तरटं ठोकली. उन्हाळ्यात त्या खोलीत तेलाचा आणि घामाचा असा वास कोंडे की दार उघडताच माणूस मागं सरे. मगन तिथं आठ-आठ तास बसे.

हे यंत्र चालतं कसं, ते त्यानं मला वाळल्या मिरच्या मांडून दाखवलं. आमच्याकडं मिरच्यांना काय तोटा! तारेतून अख्खं अक्षर जात नाही. त्याचे पाच तुकडे एकामागं एक जातात. वीज असेल तिथं मिरची, नसेल तिथं जागा रिकामी. पाचांच्या आधी ‘आलो’ म्हणून एक खूण, शेवटी ‘झालं’ म्हणून एक. पण वेळ काही तारेतून जात नाही. मुंबईचं यंत्र ज्या वेगानं तुकडे सोडतं, त्याच वेगानं आपल्या यंत्रानं ते मोजायचे. आपलं जरा मागं पडलं की तिसरा कुठला नि चौथा कुठला याचा मेळ राहत नाही, आणि ‘बाप आजारी’च्या जागी नुसता कचरा छापून येतो. आमच्या गावची वीज तर विचारूच नका. कापसाचं जिनिंग सुरू झालं की दिवे पिवळे पडत आणि यंत्र पेंगायला लागे. मग मगन फोर्क काढी. दोन पात्यांचा तो काटा हातावर आपटला की थरथरे. पात्यांच्या फटीतून फिरत्या चाकावरचे काळे-पांढरे पट्टे बघायचे. पट्टे जागच्या जागी उभे दिसले की वेग बरोबर. सरकत असले तर स्क्रू केसभर फिरवायचा. सांगायला सोपं आहे. आमच्यापैकी तिघांनी फिरवून पाहिला आणि तिन्ही वेळा यंत्र दोन-दोन दिवस बंद राहिलं.

म्हणून मगनला सुट्टी नव्हती. पोळ्याला घरी गेला की शिपाई सायकल हाणत लोणखेड्याला हजर. एकदा तो रजा टाकून थेट धडगावला, मावसभावाकडं जाऊन बसला. त्याला वाटलं, सातपुड्यात कोण येतंय शोधायला! दुसऱ्या दिवशी तिथल्या कचेरीत निरोप पोचला आणि सरकारी जीपनं घाटातली वळणं उतरवून त्याला परत आणला. आम्ही खूप हसलो. तोही हसला... पण खोलीत शिरताना दारात जरा थबकला, ते मी पाहिलं होतं.

आणि अशात मुंबईचं पत्र आलं. गणकयंत्राच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, प्रशिक्षणासाठी निवडक मेकॅनिक हवे होते. मगनला दोन दिवस आनंदानं जेवण सुचेना. मला म्हणाला, “यशवंत, त्या गणकयंत्रसंगे बोलाले आपलंच मशीन जोडतस. असंच एक-एक तुकडा तारमाईन मझार जास, नि उत्तर बाहेर येस. आपलं मशीन म्हंजे त्यानं तोंड शे!” त्याचा चेहरा असा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

साहेबांनी अट घातली. “तीन महिन्यांत बदली माणूस तयार करा. तो तयार आहे असं मला लिहून द्या, की तुम्ही मोकळे.”

बदली माणूस म्हणून नाव निघालं माझं.

माझी गोष्ट अशी की आमचं पहिलं मूल दवाखाना गाठेपर्यंत बैलगाडीतच गेलं होतं. बायकोला पुन्हा दिवस गेले होते आणि मी धुळ्याच्या बदलीचा अर्ज टाकून डोळे लावून बसलो होतो. मगनचे हाल समोर दिसत होते. जो शिकेल तो अडकेल, हे तारघरातल्या मांजरालाही कळत होतं. मी ठरवलं, शिकायचं नाही. म्हणजे शिकायचं, पण येऊ द्यायचं नाही. तीन महिने मी वेड पांघरून पेडगावला गेलो. फोर्क उलटा धरला. स्क्रू डावीकडं सांगितला की उजवीकडं फिरवला. मगन एकदाही ओरडला नाही. “हात लावू नको, पहिले कान दे,” म्हणे. “तू शिकी ले, मंग मी सुटसू.” आणि खरं सांगतो, पंधरा दिवसांतच मला येऊ लागलं होतं. वर्षानुवर्षं मोर्स ऐकलेला कान माझा. यंत्र किंचित मंदावलं तरी मला फोर्कशिवाय कळे. येत असलेली गोष्ट येत नाही म्हणून दाखवायची, याच्यासारखी शिक्षा नाही. त्या तरटाच्या खोलीत मीही कोंडला गेलो होतो, फक्त दाराला कडी मी स्वतःच घातली होती.

तिसरा महिना संपत आला तेव्हा मगन एका दिवसासाठी बहिणीच्या लग्नाला गेला. नेमकं दुपारी यंत्र कचरा छापायला लागलं. साहेब जेवायला गेलेले. खिडकीशी धानोऱ्याचे एक म्हातारे शेतकरी सकाळपासून उभे होते. मुलीचं मुंबईत ऑपरेशन होतं. “काही उनं का, भाऊ?” तार आली का, दर पाच मिनिटांनी तेच. शेवटी विचारताना त्यांनी खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला. मला माझं बैलगाडीतलं मूल आठवलं. मी आत गेलो, दार लावलं, फोर्क आपटला, स्क्रू फिरवला. पट्टे उभे राहिले. मुंबईकडून पुन्हा मजकूर मागवला आणि तो स्वच्छ आला. मुलगी सुखरूप होती. म्हातारे माझ्या पाया पडायला लागले. साहेबांना मी सांगितलं, लाइन आपोआप सुधारली.

दुसऱ्या दिवशी मगन आला, यंत्राशी बसला, थोडा वेळ नुसतं ऐकत राहिला. मग मान न वळवता म्हणाला, “कोणी हात लावा व्हता का?”

“नाही,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला.

त्या आठवड्यात त्यानं साहेबांना लिहून दिलं की यशवंतला हे काम जमण्यासारखं नाही. मुंबईला दुसऱ्याच तालुक्यातला कोणी गेला. मला महिनाभरात धुळं मिळालं, तिथंच माझा मुलगा झाला. मगन मात्र ते यंत्र भंगारात जाईपर्यंत त्या खोलीत राहिला. पुढं लग्नाकार्यात आम्ही भेटत असू. मी पावसापाण्याचं बोलून सटकायचो. लोणखेड्याला त्याच्या घरी मात्र कधी गेलो नाही. पाय उचलतच नसे.

गेलो तो तेराव्यानंतर. मगनच्या पत्नी कमलवहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मी काय बोलायचं ते एसटीत घोकून गेलो होतो, पण तोंडून एवढंच निघालं, “वहिनी, मला यंत्र येत होतं. मी मुद्दाम...”

“त्यासले मालूम व्हतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तेच दिन घर ईसन त्यासनी माले सांगं. म्हनेत, यशवंतना हात मन्हापेक्षा हलका शे. मी म्हनं, मंग सायेबले सांगी द्या नं, तुम्ही सुटशात! तर म्हनेत, त्यानी बायको पोटुशी शे. त्याले बांधीसन मी कसा सुटू?”

मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वहिनींनी पाणी दिलं आणि मागची खोली दाखवायला नेलं. निवृत्तीनंतर मगन तिथं रेडिओ, मोटारी, पुढं कॉम्प्युटरसुद्धा दुरुस्त करी. शिकायला कॉलेजची पोरंपोरी येत. खोलीला चांगल्या दोन मोठ्या खिडक्या होत्या. लांबलचक टेबल, आणि त्याच्याशी दोन स्टुलं, एकमेकांना लागून. एकाच उंचीची, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली.

“दोन कसाले?” मी विचारलं.

“एकलाले कधीच शिकाडेत नही,” वहिनी म्हणाल्या. “एकला कोणी उना, की म्हनेत, जोडीदारले संगे लई ये, मंग बस.”

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी एका स्टुलावर बसलो. जो शिकेल तो अडकेल, असं मी सगळा जन्म धरून चाललो होतो. चुकलोच की हो... एकटा शिकतो तो अडकतो. माझ्या जोडीला आणखी एक जण शिकला असता, तर मीही धुळ्याला गेलो असतो, तोही मुंबईला गेला असता, फार तर एक जण दोन-चार महिने आधी आणि दुसरा नंतर. साधी गोष्ट होती. मगननं ती ओळखली, टेबलाशी दोन स्टुलं मांडली, आणि मला एका शब्दानं बोलला नाही.

आतून वहिनींनी विचारलं, साखर किती. मी शेजारच्या रिकाम्या स्टुलावर हात ठेवून तसाच बसून राहिलो.