पुसलेले ग्लोव्ह्ज

"हात मागं धर. तोंड वर." वरच्या घराचे अण्णा एवढंच म्हणाले. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. नारळाच्या बागेत वाळूवर दोर बांधून रिंगण केलेलं. मी मधोमध. अण्णांच्या मुलाने ग्लोव्ह्ज घातले आणि मला मारायला सुरुवात केली.

आमच्या किनाऱ्यावर मुक्केबाजांची दोन घराणी. वरचं घर आणि खालचं घर. त्यांचे पणजे एकाच जहाजावर खलाशी होते. तिथेच हा खेळ शिकले आणि भांडून परत आले. तेव्हापासून वर्षातून एकदा दोन्ही घरांची लढत. त्या दिवशी सकाळी दोन्हीकडच्या गड्यांनी आमच्या बौद्धवाडीतल्या एकावर हात मोकळे करायचे, अशी रीत. त्याने उलट मारायचं नाही. शेवटी एक नारळ मिळतो. याला ते मान म्हणतात. बाबांनी चौदा वर्षं हा मान घेतला. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्या वर्षी त्यांना चक्कर यायला लागली, म्हणून मी.

दुखलं का? आठवत नाही. ओठ आतून फुटला, तोंड खारट झालं. भाताच्या गोणीसारखा उभा होतो. खरं सांगतो, रागसुद्धा आला नाही.

मग तो थांबला. कोपऱ्यात पाण्याची बादली होती. त्याने फडका पिळला आणि ग्लोव्ह्ज पुसले. सावकाश, अंगठ्याच्या बेचक्यातसुद्धा.

मी दोरापाशी उभ्या बाबांच्या उजव्या कानाशी गेलो. "पुसतो कशाला?"

"मग लढतीत त्यांना एकमेकांच्या तोंडाला हात लावायचा हाय ना," बाबा म्हणाले. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसे.

ही दोन घरं एकमेकांच्या दारात पाणी पीत नाहीत. बादली मात्र दोघांत एकच होती.

खालच्या घराचा गडी पुढे आला. त्याने हात उगारला. मी मागे धरलेले हात सोडले, पुढे आणले आणि ठोसा अडवला. मारलं नाही. फक्त अडवला.

"हात खाली घे," अण्णा ओरडले. "रीत हाय ती."

"न्हाय घेत."

तेव्हा खालच्या घराचा म्हातारा अण्णांच्या शेजारी येऊन उभा राहिला. एवढं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, पण मला हाकलताना दोघांचा सूर एकच. बाबा खाली बघत माझ्यामागून चालत आले. नारळ तिथेच राहिला.

याला बारा वर्षं झाली. इतकी वर्षं कुणी बोलवायला आलं नव्हतं. परवा अण्णांचा माणूस दारात आला. "धाकट्याला पाठवा. मान हाय तुमचा." माझा धाकटा भाऊ माझ्याकडे बघत राहिला. बाबांनी चांगला कान पुढे केला.

मी म्हणालो, तो येणार नाही. मी येईन. माणगावला जाऊन मी हा खेळ शिकलोय. ग्लोव्ह्ज माझे असतील, हात पुढे असतील. अण्णांच्या मुलाला सांगा, समोर उभा राहा.

आणि रिंगणात उतरायच्या आधी ती बादली मी पालथी करणार आहे.