घरच्या वाफ्यातल्या शेंगा

तिला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा ती उभ्यानं घ्यायची, तोही अर्धाच. कारण अर्धा कप होईतो सरकत्या पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी बिनसलेलं तिला दिसायचंच. पॅकहाऊसमधल्या बायका तिच्या माघारी तिला भिंगरी म्हणत. तिला ठाऊक होतं.

"भिंगरी तर भिंगरी," ती म्हणायची. "निदान फिरते तरी. तुमच्यासारखी बूड टेकून शेजारणीची सून तर चघळत नाही."

लग्न होऊन आली तेव्हा सासरी नुसतं धान्य पिकायचं. घरापुरतं यायचं, घरातच संपायचं. हिला ते पटेना. अंडी विकून झाली, शिवणयंत्र घेऊन झालं, बाजारात भाजीचं दुकान मांडून झालं. नवरा थट्टेनं म्हणायचा, "वारासुद्धा हिला वाट देतो, उगाच शिव्या नकोत म्हणून." मग रस्ता रुंद झाला आणि रस्त्याकडेला पत्र्याची ती लांबलचक शेड उभी राहिली. तिथं घेवड्याच्या शेंगा धुवायच्या, शेंडे-देठ छाटायचे, एका मापाच्या शेंगा डब्यांत भरायच्या. डबे गार गाडीतून विमानतळावर आणि तिथून परमुलखातल्या दुकानांत. ही छाटणीला लागली आणि बघता बघता पट्ट्यावरची मुकादम झाली.

तेवढ्यावर थांबली असती तर ती भिंगरी कसली! आसपासच्या शेतांतून हिंडून तिनं एकेकाच्या गळी शेंगा उतरवल्या. "धान्याला किती दिवस कुरवाळत बसणार रे? शेंगा लावा, नगद घ्या." घरांवर पत्र्यांच्या जागी स्लॅब आले. लेकींची लग्नं ठरवायची घाई कमी झाली. बायकांच्या हाती स्वतःच्या कमाईचे फोन आले. पण हा सगळा डोलारा ज्या दुकानातल्या फळीवर उभा होता, ती फळी तिनं कधी बघितलीच नव्हती.

मागच्या साली ती फळी हलली होती. कुणाच्या तरी मालात तिकडच्या तपासणीत फवारणीच्या औषधाचा अंश सापडला. सगळा माल तिकडंच नष्ट केला आणि शेडला हंगामभर कुलूप लागलं. बायका दारात बसून रस्त्याकडं बघत राहिल्या. तेव्हापासून शेडच्या साहेबांचा नियम झाला: तोडणीच्या बरेच दिवस आधी फवारणी बंद. चुकेल त्याचा माल पुन्हा घ्यायचा नाही. हा नियम बांधाबांधावर जाऊन सांगितला तो हिनंच.

आणि याच नियमाखाली धाकट्या भावाला तिनं आत आणलं. तो तयार नव्हता. "ताई, मला धान्यच बरं. ते निदान परत तरी येत नाही." हिनं त्याला सोडलं नाही. साहेबांपुढं उभी राहून म्हणाली, "माझा भाऊ आहे. जबाबदारी माझी."

त्या दुपारी गार गाडी दारात घरघरत उभी होती. माल कमी पडत होता. तेवढ्यात भावाचा टेंपो आला, क्रेट उतरले, वजन होऊन धुण्याच्या टाकीकडं निघाले. भावजय खाली उतरली. सीटखालची कापडी पिशवी काढून म्हणाली, "वन्सं, ही घ्या. घरच्या वाफ्यातल्या शेंगा."

"अगं कशाला? या क्रेटमधल्याच घेते की मूठभर."

"नको नको! त्यातल्या नका नेऊ. परवाच औषध मारलंय. अळी पडली होती हो, पार चाळण झाली असती शेंगांची. हे म्हणाले, धुतलं की जातं."

बोलली आणि नणंदेच्या तोंडाकडं बघून तिनं जीभ चावली.

एक वाफा घरासाठी बिनफवारणीचा सगळेच ठेवत. हिच्याही शेतात होता. त्याबद्दल आजवर कुणी काही बोललं नव्हतं, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं.

ती आत गेली. टाकीपाशी गेली, परत फिरली. फाटकापर्यंत आली, पुन्हा आत. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. एका पोरीवर उगाचच खेकसली.

"आज भिंगरीला चावी जास्त बसली वाटतं," कुणीतरी पुटपुटलं.

तिकडं काय सगळे डबे उघडून बघतात? एखादाच उघडतात. तो याचाच असेल कशावरून? नसेलही. असला तर शेड बंद, या सगळ्या घरी. बोलावं तर भाऊ कायमचा बाहेर आणि आपलाही शब्द मातीत. एकदा टाकीत पडल्या की कुणाच्या शेंगा कुठल्या, देवालाही निवडता येणार नाहीत.

"बाई! गाडी खोळंबलीय. ओता लवकर," साहेब ओरडले.

पहिला क्रेट टाकीच्या काठावर टेकला होता. तिनं तो दोन्ही हातांनी मागं ओढला.

"साहेब, हा माल जायचा नाही. परवा फवारलाय."

"कुणाचा आहे?"

"माझ्या भावाचा."

पट्ट्यावरच्या कात्र्या थांबल्या. साहेब हळूच म्हणाले, "जबाबदारी तुम्ही घेतली होती."

"घेतली होती. म्हणून तर सांगतेय."

"मग नियमही तुम्हीच सांगा त्याला."

सांगायची गरज पडली नाही. भाऊ दारातच उभा होता. क्रेट त्यानं आपटत आपटत टेंपोत भरले.

"परक्या बाईनं केलं असतं तर समजलो असतो, ताई. तूच धान्य मोडायला लावलंस, आता तूच हाकल."

"अळी पडली तेव्हा माझ्याकडं का आला नाहीस?"

"येऊन काय? तू नियम म्हणून दाखवला असतास!"

भावजय तिच्याकडं बघेना. भावानं टेंपो चालू केला. "बाजारात नेतो. तिथं कुणी दुर्बीण लावून बघत नाही."

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. परमुलखातल्यांना तिनं वाचवलं होतं, आणि या शेंगा आता संध्याकाळी पट्ट्यावरच्याच बायका घरी जाताना घेणार होत्या. टेंपो हलला तशी ती मागच्या फळीला धरून वर चढली.

"बाई! कुठं निघालात? गाडी कोण भरणार?"

"येते!"

फाट्यावर भावानं टेंपो बाजाराकडं वळवला तशी तिनं टपावर थापा मारल्या. तो थांबला, उतरून मागं आला.

"उतर."

"नाही उतरत."

"बाजारात कोण विचारणार आहे?"

"मी विचारतेय ना."

"मग काय करू याचं? डोक्यावर घेऊन नाचू?"

"खड्ड्यात घाल."

"आणि घाम गाळला तो?"

तेवढ्यात पुढून भावजयीचा आवाज आला, "अहो, वळवा घराकडं. त्या बाजारातूनच माझी आई भाजी नेते."

भावानं कपाळावर हात मारला. "एकीचं माहेर माझ्या घरात, दुसरीचं बाजारात. मेलो मी मधल्यामध्ये!" पण टेंपो वळवला.

भावाच्या शेतात, बांधाकडच्या खड्ड्यात तिघांनी क्रेट ओतले. शेंगा कोवळ्या होत्या, सरळ, एका मापाच्या. बघणाऱ्याला वेड लागावं अशा. वरून माती लोटली. पलीकडच्या तुकड्यात दुसऱ्या लावणीला फुलं धरली होती.

तिचा फोन वाजला. साहेब. "येताय की पट्ट्यावर दुसरं कुणी बघू?"

"निघालेच."

भावानं फावडं मातीत रोवलं. फुलांकडं बघत म्हणाला, "याचं काय करू? वाढवू की उपटू?"

"विचारते साहेबांना."

"विचारू नको. सांग."

साहेब ऐकतील की नाही, उद्या पट्ट्यावर आपण असू की नाही, तिलाच माहीत नव्हतं. रिकामे क्रेट टेंपोत चढेपर्यंतही ती थांबली नाही. दोन क्रेट स्वतःच डोक्यावर घेतले आणि रस्त्याला लागली. मागून भावजय ओरडली, "वन्सं, आठ दिवसांत शेंगा तोडणीला येतील! त्याच्या आत कळवा!"

तिनं चालता चालताच हात वर केला.