चारला उठणारी

आमच्या घरात माणसाची पारख तो किती वाजता उठतो यावरून होते. आई पाचला उठते. बाबा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी साडेपाचला दाढी करून तयार असतात. कुठेही जायचं नसतं. चुलतभावासाठी मुलगी बघून आल्यावर आईने आम्हाला एकच गोष्ट सांगितली होती, मुलगी लवकर उठते म्हणे. शिक्षण, नोकरी वगैरे किरकोळ चौकशी तिने इतरांवर सोडली होती.

अशा घरात मी सात महिने सकाळी दहापर्यंत झोपत होते.

मला बायपोलर आहे. मन महिनोन्‌महिने खाली जातं आणि कधीतरी उसळून नको तितकं वर येतं. वर जाण्याची पाळी त्याआधी एकदाच आली होती, पाच वर्षांपूर्वी. तेव्हा सुरुवात संतापाने झाली. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही, भर मीटिंगमध्ये साहेबाला नको नको ते बोलले, आणि नोकरी गेली. पुढचे तीन आठवडे रुग्णालयात काढले. त्यानंतर बऱ्याच खटपटीने साकीनाक्याला एका छोट्या कंपनीत काम मिळालं. औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर छापायला जाण्याआधी तपासायचा. घाटकोपरहून मेट्रोने जायचं, दिवसभर बारीक अक्षरं वाचायची. मालकांना मी आजाराचं आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "सुट्ट्या समजून घेईन. पण तसला प्रकार इथे झाला तर मला झेपणार नाही." स्पष्ट बोलणारा माणूस मला आवडतो. ही नोकरी टिकवायची, एवढंच मी ठरवलं होतं.

उदासीच्या त्या सात महिन्यांत त्यांनी मला अकरानंतर यायची मुभा दिली. घरी मात्र मुभा नव्हती. आई मला उठवायची नाही, पण बेल वाजली की दार अर्धंच उघडून म्हणायची, "तिला जरा बरं नाहीये." आवाज असा, की मी आत झोपले नसून काहीतरी लपवून ठेवलं आहे. आजारापेक्षा झोपेची लाज तिला जास्त वाटत होती आणि तिच्यामुळे मलाही.

मी अंधेरीला ज्या डॉक्टरबाईंकडे जाते, त्यांच्या रुग्णालयात तेव्हा झोप आणि मन यांच्यावर एक संशोधन चाललं होतं. त्यांनी विचारलं, मी सही केली. औषधं आहेत तशीच चालू ठेवायची. मनगटावर तबकडी नसलेल्या घड्याळासारखं एक यंत्र बांधायचं. ते हालचाल आणि उजेड टिपतं. ठरलेल्या वेळी झोपायचं, ठरलेल्या वेळी उठायचं, सकाळी अर्धा तास गॅलरीत उजेडात बसायचं, आणि रोज एका वहीत झोपेच्या वेळा लिहायच्या. शेवटचा रकाना घरच्या माणसाच्या शेऱ्यासाठी होता. तिथल्या संशोधन सहायक मुलीने आईला आणि मला समोर बसवून समजावलं. शरीरात एक घड्याळ असतं, ते उजेड-अंधारावर चालतं. मन बिघडलं की ते घड्याळ बिघडतं, की घड्याळ बिघडलं म्हणून मन बिघडतं, ते आम्ही शोधतोय. तिने "माहीत नाही" असं सरळ कबूल केलं म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला.

आईला विज्ञानाचं कौतुक नव्हतं, पण डॉक्टरांनी सही-शिक्क्यासकट सकाळी उठायला सांगितलंय हे तिला मनापासून पटलं. "इतकी वर्षं मी वेगळं काय सांगत होते?" ती रिक्षात म्हणाली. शेवटचा रकाना तिने आपल्या ताब्यात घेतला.

गुण आला, हे खरंच. पहिल्या महिन्यात दहाचे नऊ झाले, मग सात. गॅलरीत बसलं की समोरच्या इमारतीतले लोक कपडे वाळत घालताना दिसायचे आणि मला त्यांचा राग येत नसे, हीच मोठी प्रगती. मग एकदा सहाला जाग आली. मग पाचला. नंतर रोज चारला, गजराशिवाय, टक्क.

काय ते दिवस होते. चारला उठून आंघोळ, देवपूजा, मग स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी घासून काढायची. माळ्यावरची भांडी उतरवून लख्ख केली. दिवाळी चार महिने लांब असताना चकल्या तळल्या आणि मजल्यावर चारी घरांत दिल्या. आई पाचला उठायची तेव्हा तिचा चहा तयार असायचा. तिला जन्मात कुणी आयता चहा दिला नव्हता. ती कप हातात घेऊन ओट्याशी उभी राहायची, आम्ही दोघी बोलत बसायचो. तिच्या माहेरच्या गोष्टी मी चौतीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या तेवढ्या त्या तीन आठवड्यांत ऐकल्या. लिफ्टमध्ये ती लोकांना सांगू लागली, "आमची आता पहाटे चारला उठते. सातच्या आत सगळं आवरून मोकळी." बाबा म्हणाले, गाडी रुळावर आली. ऑफिसात मी दोन दिवसांचं काम एका दिवसात उडवत होते, मालकही खूश. मी तर होतेच. आयुष्यात पहिल्यांदा मी आईला आवडते आहे असं वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

महिन्याच्या भेटीला वही घेऊन गेलो. सहायक मुलीने पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवून ते खाली खाली नेलं. चार. चार. पावणेचार. चार. शेजारी आईच्या अक्षरात, उत्तम. उत्तम. चकल्या केल्या, उत्तम.

"झोपता किती वाजता?" तिने विचारलं.

"साडेअकरा-बारा. लिहिलंय ना."

"दिवसा थकवा?"

"अजिबात नाही."

"खूप दिवसांनी इतकं छान वाटतंय हिला," आई म्हणाली.

मुलीने वही मिटली नाही. तशीच उघडी उचलून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. त्या बाहेर आल्या तेव्हा हसत नव्हत्या. त्यांनी नीट समजावलं. झोप कमी होतेय आणि तरी थकवा येत नाहीये, ही तब्येत सुधारल्याची खूण नाही. मन वर निघाल्याची ती पहिली पायरी आहे. अजून थांबलो असतो तर गोष्ट पाच वर्षांपूर्वीच्या वळणावर गेली असती.

मला संताप आला तो स्वतःचा. ते सगळे आकडे मीच लिहिले होते. दिवसभर लोकांच्या चुका पकडण्याचा पगार घेते, आणि स्वतःच्या हातचं पान वाचलं नाही. पण मागच्या वेळी आजार शिवीगाळ करत आला होता. या वेळी तो आंघोळ करून देवापुढे बसला, तर आमच्या घरात त्याला कोण ओळखणार?

औषध बदललं. दोन आठवडे रजा. आणि संशोधनातला पुढचा भाग म्हणून अंधार: संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत खिडकीला जाड पडदा, खोलीत दिवा नाही, मोबाइल नाही, बाहेर आलंच तर डोळ्यांवर उजेड अडवणाऱ्या नारिंगी काचांचा चष्मा. मी घरी आले आणि भांडले. डॉक्टरांशी भांडायची सोय नव्हती म्हणून आईशी. मला आजारी वाटत नव्हतं. मला बरं वाटत होतं, आणि त्यावरच उपाय सुरू झाला होता.

आईचं दुखणं वेगळं होतं. सहानंतर तासाभरात दिवेलागण. त्या वेळी आमच्याकडे सगळ्या खोल्यांतले दिवे लावतात आणि कुणी आडवं होत नाही. तिन्हीसांजेला अंधारलेलं घर म्हणजे काहीतरी वाईट घडलेलं घर. पहिल्या दिवशी ती माझ्या खोलीच्या दारात दोनदा येऊन बटणापाशी हात नेऊन परत गेली. तिसऱ्या दिवशी दाराखालून आत येणारी ट्यूबच्या उजेडाची रेघ तिला दिसली, तेव्हा तिने बाहेरची ट्यूबही बंद केली आणि देवापुढच्या समईवर भागवलं. शेजारच्या काकू विचारायला आल्या, वीज गेली का म्हणून. आई म्हणाली, "नाही. मुलीला औषध आहे." दार या वेळी पूर्ण उघडं होतं. मी अंधारात पडून ते ऐकलं आणि मला रडू आलं. तो त्या आठवड्यातला पहिला शहाणा क्षण असावा.

सहाव्या-सातव्या दिवसापासून झोप लांबू लागली. पाच तास, मग सहा, मग सात. त्याबरोबर बाकीचंही ओसरलं. जाळीवरची धूळ मला पुन्हा दिसेनाशी झाली. आईच्या माहेरची एक गोष्ट अर्धीच राहिली होती. तिने पुढे सांगायला सुरुवात केली आणि माझं लक्ष नाही हे बघून थांबली. पंधरा दिवसांनी मी कामावर रुजू झाले. मालकांनी काही विचारलं नाही. दोन दिवसांचं काम मी आता दोन दिवसांत करते.

पुढच्या भेटीला डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, "कशी आहे आता?"

"बरी आहे," आई म्हणाली. "पण गप्प असते. सातला उठते, चहा घेते, जाते. संध्याकाळी येते, पेपर वाचते. बस."

"आजाराआधी कशी होती?"

आईने बराच विचार केला. "अशीच होती," ती म्हणाली.

"मग छान आहे की."

"म्हणजे आता अशीच राहणार?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळं सुरळीत चाललं तर अशीच. आईने मान हलवली. मी तिच्याकडे बघत होते. तिचा चेहरा पडला होता, आणि तो लपवायचा प्रयत्नही तिला जमला नाही. मला लागलं. लागायला नको होतं, पण लागलं.

परतताना रिक्षा साकीनाक्याच्या सिग्नलला अडकली. आई बाहेर बघत होती.

"ती चारला उठणारी मला आवडायला लागली होती गं," ती म्हणाली.

"मलाही."

सिग्नल सुटला, पुन्हा लागला. आम्ही तिथेच होतो.

"पण ती तू नव्हतीस ना?"

"नव्हते," मी म्हटलं.

खरं तर तीही मीच होते. पण तसं सांगितलं असतं तर आई तिची वाट बघत राहिली असती, आणि घरात तिची वाट बघणारी एक पुरे आहे.